सात फुटांचं कुंपण

नियम लिहायचं काम मला मिळालं, त्या दिवशी मी दुपारचं जेवायला विसरलो. ब्याण्णव सालचा डिसेंबर होता. मी अठ्ठावन्न वर्षांचा होतो आणि बहरीनमधल्या एका सरकारी खात्याच्या हाउसिंग ऑफिसात एकोणीस वर्षं कारकून होतो. एवढ्या वर्षांत मी दुसऱ्यांची पत्रं टाइप केली, दुसऱ्यांचे हुकूम नोटीसबोर्डावर डकवले. माझं स्वतःचं असं एक वाक्यही कुठल्या सरकारी कागदावर गेलं नव्हतं. जाण्यासारखं होतं असंही नाही.

खात्याची एक वसाहत मनामा शहरातल्या नईम भागाच्या टोकाला होती. बावन्न बैठी घरं, भाडेकरू बहुतेक आपलेच लोक, म्हणजे कुणी रत्नागिरीचे, कुणी वसईचे, बरेचसे केरळचे. मीही तिथेच एकटा राहत असे. बायको शरीफुन्निसा म्हसळ्याला, तिला इथली हवा मानवली नव्हती. प्रत्येक घरामागे एक मोकळं अंगण होतं आणि त्याला ज्याने त्याने हाताला लागेल त्याचं कुंपण घातलं होतं. खजुराच्या झावळ्या, खोक्यांच्या फळ्या, जुने दरवाजे. एकाने तर मोडकी कपाटं ओळीने उभी केली होती. नोव्हेंबरात एका घरच्या स्टोव्हची ठिणगी झावळ्यांवर उडाली आणि तीन अंगणांची कुंपणं दहा मिनिटांत जळून गेली. माणसं वाचली. पण आमचे इंजिनिअर जासिम, ज्यांना सगळे अरबीत नुसते मुहंदिस म्हणत, त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि सांगितलं की आता कुंपणांचा एक नियम हवा. किती उंच, कशाचं, दार कुठे. "तू पुस्तकं वाचतोस," ते म्हणाले, "तूच लिही. आठ दिवसांत. यल्ला, लाग कामाला."

मी बाहेर आलो आणि टेबलाशी बसलो. भीतीही होती, पण खरं सांगायचं तर आनंद जास्त होता.

ऑफिसच्या मागच्या कपाटात इंग्रजांच्या काळातलं एक जाड पुस्तक होतं, भाडेकरूंच्या घरांविषयी. दमट हवेने पानं चिकटलेली. मी ती सुरीने एकेक सोडवली. कुंपणाचा धडा निघाला तेव्हा मला खजिना सापडल्यासारखं झालं. त्यात चार, पाच आणि सात फूट अशा तीन उंच्या दिल्या होत्या आणि खाली लिहिलं होतं, स्थानिक चालीरीत पाहून निवड करावी.

चालीरीत म्हटल्यावर मला आमच्या म्हसळ्याचा गडगा आठवला. दगडांवर दगड रचलेला, छातीएवढा. त्यावरून माझी आई शेजारच्या फुफीला सालनाचा वाडगा देई आणि रिकामा वाडगा कधीच परत येत नसे, त्यात काहीतरी असे. चार फुटांच्या कुंपणात माणसं एकमेकांना दिसतात, एकमेकांची राहतात, असं मला वाटलं. मी चौथ्या कलमात चार फूट लिहिलं. मग कोकणात बांधावरून भावाभावांची जी भांडणं कोर्टात जातात तीही आठवली, म्हणून पाचव्या कलमात लिहिलं की प्रत्येक भाडेकरूने आपल्या अंगणाला चारी बाजूंनी स्वतंत्र कुंपण घालावं. अशी अकरा कलमं झाली, इंग्रजीत आणि आपल्या लोकांसाठी मराठीत, प्रत्येकात एक तरी 'सबब'. मी ती सहा वेळा टाइप केली. मुहंदिसांनी पाहिली, चौथ्या कलमापाशी क्षणभर थांबले, माझ्याकडे पाहिलं आणि मसुदा वसाहतीत वाटायला सांगितला. हरकती घ्यायला एक आठवडा होता. पुढच्या बुधवारी सभा, आणि त्यानंतर सही.

बावन्न दारांच्या फटींतून मी स्वतः कागद सरकवले. खाली कुणाचं नाव नव्हतं, नुसतं ऑफिसचं. घरी येताना चालण्यात उगाच जोर आला होता, असं मला वाटतं.

तिसऱ्या दिवशी सुरैया आली. माझ्या शेजारच्या घरात एसी दुरुस्त करणारा मुनाफ राहत असे, त्याची ही बायको, चिपळूणकडची. वय तिशीच्या पुढे. तिच्या हातात झाकलेली थाळी होती, तिच्यात तांदळाच्या भाकऱ्या. वसाहतीतले सगळे अर्ज, लीव्हचे, व्हिसाचे, मीच लिहून देत असे, आणि अर्जाआधी थाळी येते हे मला माहीत होतं.

"चाचा," ती म्हणाली, "एक हरकत लिवून द्या. ह्या चार फुटांवर."

मी तिला खुर्ची दिली आणि चष्मा पुसत बसलो.

तिने सांगितलं ते असं. लग्नानंतरची चार वर्षं ती मनामाच्या सूकमध्ये एका दुकानाच्या वरच्या खोलीत राहिली. खाली बाजार, वर ती. शुक्रवारी नवऱ्याबरोबर बाहेर पडायचं, एरवी नाही. अंग सुटलं, मग साखर वाढली. सलमानिया हॉस्पिटलच्या डॉक्टरने सांगितलं, रोज तासभर पळा, घाम काढा, नाहीतर सुई घ्यावी लागेल. पळायचं कुठे? मग ह्या वसाहतीत घर मिळालं, आणि पाठच्या घरात डॉली राहायला आली.

डॉलीला मी ओळखत होतो. वसईची, सलमानियाला नर्स, मोठ्याने हसणारी. डॉलीने शाळेत असताना बॅडमिंटनमध्ये कप जिंकले होते. दोन घरं ह्या बाजूची आणि दोन पाठची, अशी चार अंगणं एकमेकांना लागून होती. चौघींनी नवऱ्यांना विचारून मधली कुंपणं काढून टाकली, बाहेरच्या बाजूने झावळ्या उंच उंच बांधल्या आणि मधे जाळी लावली. रोज चार वाजता आठ-नऊ बायका तिथे जमत. ओढण्या खुंटीला, चपला भिंतीशी. दोन वर्षांत सुरैयाची साखर निम्म्यावर आली होती.

रोज चार वाजता तिकडून टप् टप् आवाज येत असे आणि मी समजत असे की बायका गोधड्या झोडपत आहेत. दोन वर्षं मी तसंच समजत होतो.

"चार फुटांचं कुंपण झालं," ती म्हणाली, "आणि मधी परत भिंती आल्या, तर आमचा खेळ खलास. रस्त्यावरून अख्खी दुनिया बघणार. मुनाफ नाय म्हणेल, आणि मीच नाय म्हणेन. मी परत घरात, चाचा. परत सुई."

नियम मीच लिहिलाय, हे सांगायला मी दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा मी तिला विचारलं, चहा घेणार का. शेवटी मी म्हणालो की हरकत लिहून देतो, पण अर्जात नुसती तक्रार नको, मोजमाप हवं. हे वाक्य माझ्या तोंडून कसं आलं कोण जाणे. ते आलं आणि मला एकदम हुशारी वाटायला लागली. नियम मोडायचा तर त्याहून चांगला नियम समोर ठेवायला हवा, आणि तो कसा लिहायचा ते मला माहीत होतं. कदाचित.

दुसऱ्या दिवशी साडेतीनला, खेळ सुरू व्हायच्या आधी, तिने मला आत बोलावलं. मी टेप घेऊन गेलो. झावळ्यांच्या दारातून आत शिरलो आणि थबकलो. मला वाटलं होतं, अडगळीत कुठेतरी एक जाळी असेल. तिथे चुन्याने आखलेल्या सरळ, पांढऱ्या, स्वच्छ रेषा होत्या. जमीन पाणी मारून, धुम्मस करून घट्ट बसवलेली. कडेला शेवग्याचं एक झाड आणि त्याच्या बुंध्याला टांगलेली स्कोअरची पाटी. मी मोजलं. चारी अंगणं मिळून बावन्न फूट लांब, तीस रुंद. आत चव्वेचाळीस बाय वीसचं मैदान, इंचाचाही फरक नाही. डॉली म्हणाली, "अंकल, तुम्ही चेक करताय? मी स्वतः आखलंय. रात्रपाळी करून आले होते, तरी एक लाइन वाकडी नाही."

मला माझी अकरा कलमं आठवली आणि लाज वाटली. माझ्या कुठल्याच कलमामागे इतकी मेहनत नव्हती.

झावळ्या राहणार नाहीत हे मी त्यांना सांगितलं. आगीचा मुद्दा खरा होता. पत्रे चालतील का? चालतील म्हणाल्या. मग प्रश्न उरला उंचीचा. सुरैया म्हणाली, आठ फूट लिवा. डॉली म्हणाली, दहा लिहा, म्हणजे घासाघीस करून आठ मिळतील. पण मला ते पटेना. मुहंदिस विचारणार, आठच का? सात का नाही? पुस्तकात काय आहे ते सांगून मी एकदा चुकलो होतो. अंगणात बघणारं जग कडेच्या गल्लीतून जातं. त्या गल्लीतून सगळ्यात उंचावरून कोण बघतं?

"आमचा ब्लेझ," डॉली म्हणाली.

ब्लेझ तिचा नवरा. हॉस्पिटलच्या नर्सेसना शिफ्टला ने-आण करणारी मिनीबस चालवायचा. ती बस दिवसातून सहा वेळा ह्याच गल्लीतून जात असे आणि तिच्या सीटवर बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून जवळजवळ सहा फुटांवर येत. ह्याहून उंच काही त्या गल्लीत येत नव्हतं.

मग शुक्रवारी आम्ही तो प्रयोग केला. आयुष्यात मी एवढं काही केलं नव्हतं, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. गल्लीच्या बाजूच्या दहा फुटांतल्या झावळ्या आम्ही सोडल्या आणि तिथे दोन बांबू रोवले. बांबूंवर मी खडूने फुटांच्या खुणा केल्या. एक दोरी ताणली आणि तिच्यावर सुरैयाच्या घरातल्या निळ्या चादरी टाकल्या, खाली जमिनीपर्यंत. सुरैया कडेच्या झावळ्यांआड उभी राहून दोरी वरखाली करणार होती. आत डॉली उड्या मारून स्मॅश मारणार होती; तिला कुणी बघितलं तरी हरकत नव्हती. ब्लेझने बस आणायची, मधल्या सीटवर मुनाफला बसवायचं आणि हळूहळू गल्लीतून न्यायची. डॉलीचा केस जरी दिसला तरी मुनाफने हात वर करायचा आणि ब्लेझने हॉर्न वाजवायचा. मी कोपऱ्यावर वही घेऊन उभा.

दोरी चार फुटांवर. बस गल्लीत शिरली न शिरली तोच हॉर्न सुरू झाला आणि गल्ली संपेपर्यंत थांबलाच नाही. मुनाफ खाली उतरून आला. त्याचा चेहरा उतरला होता. मला म्हणाला की चाचा, सगळं दिसतं हो, चपलासुद्धा. मी वहीत लिहिलं. अक्षर वाकडं आलं नाही.

पाच फूट. हॉर्न. सहा फूट. बस आली, अर्ध्यापर्यंत शांत होती, आणि मग एक छोटा हॉर्न. उडी मारताना डॉलीचं कपाळ दिसलं होतं. साडेसहाला मुनाफ म्हणाला नाही दिसलं, ब्लेझ म्हणाला दिसलं, केसातली क्लिप. दोघे भांडायला लागले तेव्हा आतून डॉली ओरडली की मी काय तुमच्या भांडणासाठी उड्या मारतेय का, पुढे जा. मी साडेसहाला 'संशयास्पद' असं लिहिलं.

मग सात. सुरैयाने दोरी वर खेचली, टाचा उंचावून. बस वळली. बस आली, अगदी हळू, मुनाफचं नाक काचेला लागलेलं. चादरींवरून बॅडमिंटनचं पांढरं फूल वर उडालं, उन्हात क्षणभर थांबलं आणि खाली गेलं. पुन्हा उडालं. हॉर्न वाजला नाही. बस गल्लीच्या टोकाला गेली, आणि तिथे जाऊन ब्लेझने जो हॉर्न दाबला तो आनंदाचा होता.

त्या संध्याकाळी मी हरकत लिहिली. पाच पानं झाली. तीत मी लिहिलं की लगतच्या अंगणांचे भाडेकरू लेखी संमतीने एकत्र कुंपण घालू शकतील. बाहेरची उंची सात फुटांपर्यंत असावी. झावळ्या आणि लाकूड वर्ज्य, पत्रा चालेल. आग लागल्यास आत शिरता यावं म्हणून समोरासमोर दोन दारं असावीत, प्रत्येक चार फूट रुंद. चार फूट कुठेतरी राहिले याचं मला बरं वाटलं. खाली चार बायकांच्या सह्या झाल्या. पाकीट ऑफिसच्या पेटीत टाकलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मीच ते पेटीतून काढून आवक क्रमांक घातला.

बुधवारी सभा ऑफिसच्या हॉलमध्ये भरली. तीसेक भाडेकरू आले होते. मागच्या रांगेत सुरैया आणि डॉली. मुहंदिसांनी पाकीट फोडलं, पाच पानं पाहून कपाळाला हात लावला आणि माझ्याकडे सरकवली. वाच म्हणाले.

मी उभा राहिलो. चारचौघांत मोठ्याने वाचायची ही माझी पहिलीच वेळ. पहिलं पान कसंबसं वाचलं. दुसऱ्या पानावर बसचा प्रयोग आला, तेव्हा समोर माणसं पुढे झुकायला लागली आणि माझा आवाज आपोआप मोठा झाला. तिसऱ्या पानावर मुहंदिसांनी हात वर केला. त्यांनी माझा मसुदा फाइलमधून काढला, हरकतीचं एक पान माझ्या हातातून घेतलं आणि दोन्ही शेजारी ठेवले. दोन्हींवरून बोट फिरवलं.

"रहिमतुल्ला," ते म्हणाले, "ह्या दोन्ही कागदांना एकाच आईने वाढवलंय."

हॉल हसला. मला पळून जावंसं वाटलं. दार चार पावलांवर होतं. पण दाराच्या बाजूलाच मागची रांग होती, आणि सुरैया माझ्याकडे बघत होती. ती हसत नव्हती. तिच्या मांडीवर डॉक्टरची ती फाइल होती, साखरेचे सगळे आकडे असलेली. लागलीच तर असावी म्हणून तिने बरोबर आणली असणार.

"दोन्ही मीच लिहिलेत," मी म्हणालो. "चार फूट मी लिहिलं. ते चुकलं. मी माझ्या गावचं कुंपण लिहिलं, इथलं नाही. गावात गडग्यापलीकडे सगळी नात्याची माणसं होती. इथे पलीकडे रस्ता आहे."

एवढं बोलून मी बसलो. बसायला सांगितलं नव्हतं.

मुहंदिस खुर्चीत मागे रेलले. मग त्यांनी सांगायला सुरुवात केली. त्यांच्या आईच्या घराची भिंत नऊ फूट आहे, म्हणाले. त्यांच्या आजीच्या घराची त्याहून उंच. माझा मसुदा वाचून त्यांना आश्चर्य वाटलं होतं, पण वाटलं, हिंदी लोकांना एकमेकांची अंगणं बघायला आवडत असतील, आपण कशाला मधे पडा. माझ्या बावन्न घरांवर मी जी बंदी घातली होती, ती घालायला मला कुणीच सांगितलं नव्हतं.

"मग किती?" त्यांनी विचारलं.

"सात."

"पुस्तकात आहे?"

"आहे," मी म्हणालो. "पण तिथून नाही घेतलं. मोजलंय."

त्यांनी पेन उघडलं, माझ्या मसुद्यातलं चौथं आणि पाचवं कलम आडव्या रेघेने खोडलं आणि हरकतीची कलमं त्या जागी टाइप करायला सांगितली. आजच. नोव्हेंबरातल्या आगीनंतर आणलेले पत्रे गोदामात पडून होते, तेही वसाहतीला द्यायचं ठरलं. मग सभा पाण्याच्या टाक्यांकडे वळली. मी मात्र तिथे नव्हतोच. मी मनातल्या मनात कलमं टाइप करत होतो.

बाहेर पडताना सुरैयाने मला गाठलं. मी म्हणालो, पोरी, माफ कर, मी आधीच सांगायला हवं होतं.

ती म्हणाली, "चाचा, मला पहिल्या दिवसापासून म्हायती होतं. आख्ख्या वसाहतीत 'सबब' लिवणारा दुसरा कोण हाय? म्हणून तर थाळी घेऊन तुमच्याकडं आली. ज्याने बांधलं त्यालाच सोडता येतं."

जानेवारीच्या अखेरीस झावळ्या गेल्या आणि पांढरे पत्रे आले. पहिल्या दिवशी चार वाजता मी माझ्या अंगणात खुर्ची टाकून बसलो, हातात पुस्तक. टप् टप् सुरू झालं. मी पान उलटलं नाही. पुस्तक सुलटं धरलं होतं की नाही तेही सांगता येणार नाही. पलीकडे कुणीतरी धावत होतं, दमत होतं, हसत होतं. गल्लीतून बस गेली. हॉर्न वाजला नाही.

एवढ्यात फूल कुंपणावरून उडालं आणि माझ्या पायाशी येऊन पडलं. मी उठलो, फूल उचललं आणि सगळा जोर लावून परत फेकलं. ते पत्र्याला लागून खाली आलं. पुन्हा फेकलं. पुन्हा पत्र्यालाच. माझा हात तेवढा जात नव्हता.

आतून सुरैयाचा आवाज आला, धापा टाकत.

"चाचा, दारातून आणा. सात फूट तुमीच लिवलाय."

मी फूल घेऊन दाराशी गेलो, कडी वाजवली आणि पाठ करून उभा राहिलो. आत ओढण्यांची धांदल उडाली.